शाळेची पाटी नंतर, आधी तिच्यामागचं हॉस्पिटल बघ

पत्र:
ताई, मी सांगलीची, वय ३१. बारावी कॉमर्सला ५८ टक्के होते, पुढे बी.कॉम. झाले. आठ वर्षं एका पतसंस्थेत कॅशियर आहे, हातात १६,००० पडतात. नवऱ्याचं गॅरेज आहे, मुलगा पाच वर्षांचा. मागच्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. २३ दिवस मी सरकारी दवाखान्यात त्यांच्या उशाशी होते. तिथल्या एका सिस्टरनी मला दर दोन तासांनी कूस बदलायला, नळीतून पेज द्यायला शिकवलं. बाबांच्या पाठीला एकही जखम झाली नाही. तेव्हापासून कॅशच्या खिडकीत मन लागत नाही. मला नर्स व्हायचंय. स्टँडजवळचा एक क्लासवाला म्हणतो, एक वर्षाचा कोर्स आहे, ९०,००० भरा, रोज यायची गरज नाही, नोकरीची हमी. मैत्रीण म्हणते जीएनएम कर, म्हणजे नर्सिंग आणि सुईणकामाचा डिप्लोमा. दीर म्हणतात, करायचंच तर बी.एस्सी. कर, त्यासाठी पुन्हा सायन्समधून बारावी दे, मग जर्मनीला जाता येईल. सासूबाई म्हणतात, या वयात लोकांची घाण काढायला कशाला जातेस. मी काय करू? उशीर झालाय का?

उत्तर:
तुझं पत्र वाचताना मी एका वाक्यावर थांबले. बाबांच्या पाठीला एकही जखम झाली नाही, असं तू लिहिलंयस. तुला कदाचित ते साधं वाटत असेल. मी ३४ वर्षं वॉर्डात आणि नर्सिंग स्कूलमध्ये काढली आहेत, मला त्या वाक्यात रात्री दोनला आणि पुन्हा चारला उठणारं माणूस दिसतं. अंग न हलवू शकणाऱ्या पेशंटच्या माकडहाडापाशी कातडी लाल व्हायला फार वेळ लागत नाही, आणि एकदा का ती फाटली की भरता भरत नाही. २३ दिवस पाठ शाबूत ठेवलीस म्हणजे कामाची सुरुवात तू कधीच केली आहेस.

आता सरळ उत्तर देते. जीएनएम कर, आणि ते याच वर्षी कर. का, ते सविस्तर सांगते, कारण तुला घरी तिघांना पटवायचंय.

आधी वयाचा हिशेब मांडू. तू कॅशियर आहेस, तुला तो माझ्यापेक्षा लवकर कळेल. जीएनएमला प्रवेशाची कमाल वयोमर्यादा ३५ आहे. बारावी कुठल्याही शाखेची चालते, एकूण ४० टक्के आणि इंग्रजी विषय एवढं लागतं. तुझं ते आहे. कोर्स तीन वर्षांचा, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. म्हणजे ३५ च्या आत-बाहेर तू महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली नर्स आणि मिडवाइफ असशील. राज्य सरकारच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ पर्यंत आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत अर्ज करता येतो. अधिपरिचारिकेच्या, म्हणजे स्टाफ नर्सच्या, पदाला मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. खुल्या प्रवर्गातून अर्ज केलास तरी हातात दोन-तीन वर्षं उरतात, आणि सरकारी जाहिराती दरवर्षी निघत नाहीत हे लक्षात घेता ती हवीतच.

आता दीरांचा मार्ग याच हिशेबात बसवून बघ. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ४५ टक्के लागतात. तुझ्याकडे हे विषय नाहीत. मुक्त विद्यालयातून सायन्सची बारावी देता येते आणि नर्सिंग परिषद ती मानते, त्यामुळे रस्ता खरा आहे. पण त्यात किमान एक वर्ष जाईल. मग राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा, त्यात १७-१८ वर्षांच्या, नुकतीच बायोलॉजी पाठ केलेल्या मुलींशी गाठ. मग चार वर्षं, आठ सेमिस्टर. सगळं पहिल्या झटक्यात जमलं तरी तू ३७ च्या घरात पोहोचतेस. एखादं वर्ष हुकलं की सरकारी भरतीचं दार तुझ्यासमोर लागायच्या बेतात येतं. तू १९ वर्षांची असतीस तर मी दीरांच्या बाजूनं बोलले असते. १९ वर्षांच्या, सायन्सवाल्या प्रत्येक मुलीला मी बी.एस्सी.च करायला सांगते, त्यात दुमत नाही.

एम्सची नॉरसेट परीक्षा तुझ्यासाठी गेलीच आहे, हेही आत्ताच सांगितलेलं बरं. तिथे मर्यादा ३० ची आहे. राखीव प्रवर्गाला थोडी सवलत आहे, पण जीएनएमवाल्यांना त्याआधी ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभवही लागतो, तेव्हा सवलत धरूनही गणित जुळत नाही. नागपूरच्या एम्सची जाहिरात कुणी दाखवली तर तिच्यात मन अडकवू नकोस.

पदवीचं काय, असं दीर विचारतील. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, आपल्याकडे ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं असतं. पुढे एम.एस्सी.ही करता येतं. मी स्वतः असंच केलं. जीएनएमवर नोकरीला लागले आणि ३६ व्या वर्षी, पदरात दोन मुलं असताना, पोस्ट बेसिकला बसले. तोपर्यंत वॉर्डात इतकं पाहिलेलं होतं की पुस्तकातल्या प्रत्येक पानाला मला एखाद्या खाटेचा नंबर आठवायचा. जीएनएम बंद होणार अशी हूल मधूनमधून उठते, तुझ्याही कानावर येईल. कोर्स चालू आहे, आणि ज्यांची परिषदेकडे नोंदणी झालेली आहे त्यांची नोंदणी कोर्स बंद झाल्यानं पुसली जात नाही.

स्टँडजवळच्या क्लासवाल्याकडे मात्र पुन्हा पाऊल टाकू नकोस. आपल्या देशात नर्सिंगच्या नोंदणीकडे नेणारे पायाभूत कोर्स तीनच: दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम, चार वर्षांचं बी.एस्सी. एक वर्षात जे काही मिळतं त्यावर परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळत नाही. तू फार तर मदतनीस म्हणून लागशील. मदतनिसाचं काम कमी प्रतीचं आहे असं माझं म्हणणं नाही, वॉर्डातल्या मावशी-मामांशिवाय आमचं एक पान हलत नाही. पण तुला नर्स करतो म्हणून कुणी ९०,००० घेत असेल तर तो तुला फसवतोय. आणि ‘रोज यायची गरज नाही’ हे वाक्य जिथे ऐकशील तिथून तशीच मागे फीर, मग समोर जीएनएमची शाळा असो की परराज्यातलं कॉलेज. ज्या मुलीनं कधी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला नाही तिच्या हाताखाली उद्या कुणाचा तरी बाप असणार आहे.

एएनएमबद्दल तू विचारलेलं नाहीस, पण कुणीतरी सुचवेलच. तो कोर्स उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेच्या कामासाठी आहे: लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, घरभेटी. गावात राहून हेच करायचं असेल तर उत्तम. तुझं मन मात्र वॉर्डात अडकलंय, आणि एएनएम करून पुढे जीएनएमला जायचं म्हटलं तर जवळपास पहिल्यापासून सुरुवात होते. एक वर्ष वाचवायला जाऊन दोन घालवशील.

इथपर्यंतचं कुठल्याही माहितीपत्रकात सापडतं. मला खरं सांगायचंय ते पुढचं आहे. कुठला कोर्स, यापेक्षा कुठल्या हॉस्पिटलच्या जिवावर चालणारा कोर्स, हा प्रश्न तुझ्यासाठी मोठा आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका खासगी नर्सिंग स्कूलला प्रॅक्टिकलची परीक्षक म्हणून गेले होते. नाव लिहीत नाही. इमारत चकचकीत, लॅबमध्ये प्लास्टिकचे पुतळे नवेकोरे. हॉस्पिटलच्या वॉर्डात प्रत्येक खाटेवर पेशंट. एका खाटेपाशी विद्यार्थिनीला म्हटलं, यांचा टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास, घे. तिनं काखेत थर्मामीटर ठेवायला चादर सरकवली, तर खाली माणूस शर्ट-पँटमध्ये, पायात बूट. त्याला आणून झोपवलं होतं. त्या दिवशी त्या वॉर्डात खरे पेशंट चार-पाच असतील. मुलींचे चेहरे मला अजून आठवतात. त्या हुशार होत्या, थिअरी पाठ होती, फी त्यांच्या आईबापांनी जमिनी गहाण टाकून भरली होती, आणि तीन वर्षांत त्यांना कुणी आजारी माणूस नीट पाहू दिला नव्हता. मी त्या दिवशी जे लिहायचं ते अहवालात लिहिलं. पण त्या मुलींची तीन वर्षं त्यानं परत आली नाहीत.

आता दुसरी बाजू. माझ्या एका बॅचला ३३ वर्षांची एक विद्यार्थिनी होती, आधी शिवणकाम करायची, तिलाही दोन मुलं होती. शाळा एका गर्दीच्या सरकारी हॉस्पिटलला जोडलेली, लेबर रूम रात्रंदिवस भरलेली. दुसऱ्या वर्षाला तिची नाइट होती. बाळंत होऊन तासभर झालेली एक बाई, तिसरं बाळंतपण, सगळं व्यवस्थित. बाळंतीण म्हणाली, सिस्टर, मला लई झोप यायलीय. शेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली, झोपा मग. ही शिवणकामवाली थांबली. तिनं बाईच्या कपाळाला हात लावला, गार घाम. नाडी धरली, १३० च्या वर. मग तिनं चादर उचलून खाली पाहिलं. पॅड, खालची रबरी चादर, सगळं भरलेलं होतं. पोटावर हात ठेवला तर आवळून घट्ट गोळा व्हायला हवं ते गर्भाशय सैल, भिजवलेल्या कणकेसारखं. तिनं तिथूनच सिस्टरला हाक मारली आणि हात न काढता पोट चोळत राहिली. सिस्टर आली, डॉक्टर आले, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन सुरू झालं, दुसरी सलाईन लागली. पहाटे मी राउंडला गेले तेव्हा बाळ छातीशी होतं.

मी तिला विचारलं, चादर का उचललीस गं? ती म्हणाली, मॅडम, या महिन्यात चाळीसएक बाळंतिणी बघितल्या, अशी झोप कुणालाच येत नव्हती.

हे चाळीस महत्त्वाचे आहेत. नर्सचा डोळा मोजूनच तयार होतो. शंभर बरे पेशंट पाहिल्याशिवाय एकशेएकावा बिघडलाय हे कळत नाही. जीएनएम असो नाहीतर बी.एस्सी., ज्या हॉस्पिटलात बाळंतपणं होत नाहीत तिथल्या मुलीचं केस बुक, म्हणजे हाताळलेल्या पेशंटची नोंदवही, शेवटी एकमेकींचं बघून भरलं जातं.

म्हणून शाळा बघायला जाशील तेव्हा ऑफिसात बसून फोटो बघू नकोस. सकाळी आठच्या सुमाराला जा, ड्युटी बदलायच्या वेळी. मुली वॉर्डात शिरताना दिसतात का? त्यांच्या हातात फाइल आहेत का? ओपीडीत रांग आहे का? बाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुली भेटतील, त्यांना एकच विचार: गेल्या महिन्यात लेबर रूमला पोस्टिंग होतं तेव्हा किती डिलिव्हऱ्या झाल्या? ज्या पटकन आकडा सांगतात त्यांच्या शाळेचा फॉर्म घे. कागदपत्रांत शाळेला भारतीय नर्सिंग परिषदेची आणि राज्याच्या परिषदेची मान्यता आहे का ते त्यांच्या यादीत स्वतः बघ, शाळेच्या भिंतीवरच्या फ्रेमवर विसंबू नकोस. महाराष्ट्रात जीएनएमची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, त्या मंडळाशी शाळा जोडलेली हवी. फीची पावती पूर्ण रकमेची घे. मूळ प्रमाणपत्रं तपासायला दाखव, पण ‘बाँड म्हणून आमच्याकडे राहू देत’ म्हणाले तर नाही म्हण. या एका कागदापायी पुढे कितीतरी मुली कमी पगारावर अडकून पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

पहिला अर्ज सरकारी आणि महापालिकेच्या शाळांना कर. फी परवडते, पेशंटची कमी नाही. एक अडचण आधी विचारून घे: अशा बऱ्याच शाळांत वसतिगृहात राहावं लागतं. मुलगा पाचच वर्षांचा आहे. मिरजेला मिळालं तर गोष्ट वेगळी, पुण्या-मुंबईला मिळालं तर तीन वर्षं तो तुझ्याशिवाय झोपेल. हे मी तुला सोपं करून सांगणार नाही. माझी धाकटी मी पोस्ट बेसिकला असताना आजीला आई म्हणायला लागली होती, आणि हॉस्टेलच्या जिन्यात बसून मी रडले आहे. ती आज माझ्याशी उत्तम आहे. पण ते महिने कठीण होते आणि तुझेही जातील. घराजवळच्या खासगी पण खऱ्या, भरलेल्या हॉस्पिटलच्या शाळेत प्रवेश मिळत असेल आणि कर्ज झेपत असेल, तर तुझ्या बाबतीत मी त्याला कमी समजणार नाही.

पैशाचं स्पष्ट बोलू. तीन वर्षं तुझे १६,००० बंद होतील, म्हणजे पावणेसहा लाखांच्या आसपास. फी वेगळी. त्यानंतर जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी हॉस्पिटलात सुरुवातीला १५-२० हजारच मिळतात, हे मी माझ्या मुलींकडून दरवर्षी ऐकते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीनं २०१६ मध्ये सांगितलं होतं की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला २०,००० पेक्षा कमी देऊ नये, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा. किती जणांनी ते पाळलं, ते आमच्या मुलींच्या पगारपत्रकावर दिसतं. याचा मला राग आहे. तेव्हा पहिल्या दोन वर्षांत घरात सोन्याची रास येईल असं नवऱ्याला सांगू नकोस. मोठ्या हॉस्पिटलचा आयसीयू किंवा डायलिसिसचा अनुभव घेतलास की पगार सरकतो, आणि सरकारी भरतीचा अभ्यास त्याच्या जोडीनं चालू ठेवायचा.

जर्मनीबद्दल दोनच गोष्टी. तिकडे नोंदणीसाठी बी.एस्सी.च लागतं हा गैरसमज आहे, जीएनएमवाल्या नर्सही जातात. लागते ती जर्मन भाषा, बी-टू म्हणजे वरच्या मध्यम पातळीची, आणि तिथल्या राज्याकडून आपल्या शिक्षणाची मान्यता. इंग्लंडलाही जीएनएम चालतं, तिथे इंग्रजीची परीक्षा आणि त्यांची दोन टप्प्यांची चाचणी आहे. जर्मनीत थेट जाऊन तीन वर्षं पगारी शिकाऊ म्हणून नर्सिंग शिकायचाही एक मार्ग आहे, दीर बहुधा तो ऐकून आले असतील. शिकाऊ असताना नवऱ्याला आणि मुलाला सोबत नेणं अवघड असतं. तेव्हा आत्ता तो विषय घरात वाढवूच नकोस. चार वर्षांनी हातात नोंदणी असेल तेव्हा बोलता येईल.

सासूबाईंचं वाक्य मला लागलं, पण मी ते आयुष्यभर ऐकलंय, माझ्या आईकडूनसुद्धा. हो, घाण काढावी लागते. बेडपॅन, उलटी, पू, सगळं. तू ते बाबांचं केलंस तेव्हा त्यांना मोकळं वाटलं असेल, त्यांच्या डोळ्यांत तू ते पाहिलं असशील. सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना बीपी असेलच या वयात. पहिल्या वर्षाला बीपी घ्यायला शिकशील तेव्हा रोज संध्याकाळी त्यांचं घेत जा आणि वहीत लिहीत जा. माझ्या आईनं माझ्या नोकरीबद्दल बोलणं अशाच एका वहीनंतर बंद केलं होतं.

उशीर झालाय का, हे तू शेवटी विचारलंस. १७ वर्षांच्या मुली तुझ्यापेक्षा लवकर पाठ करतील, शरीररचनेच्या पहिल्या पेपरला तुला रडू येईल, इंग्रजी शब्दांची वही करावी लागेल. नाइटला पाय सुजतील. पण आठ वर्षं तू खिडकीतून माणसं पाहिली आहेस. मुदतठेव मोडायला आलेल्या म्हाताऱ्याचा आवाज कसा असतो ते तुला माहीत आहे. नोटा मोजताना नजर हलत नाही तुझी, औषधाचा डोस काढतानाही तीच नजर लागते. वॉर्डातल्या इन-चार्ज सिस्टर अशा विद्यार्थिनीची वाट पाहत असतात, हे मी स्वतः इन-चार्ज राहिलेली बाई म्हणून सांगते.

या आठवड्यात दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल काढून एका फाइलमध्ये लाव. लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअरही, त्याला तहसीलमध्ये वेळ लागतो. पतसंस्थेचा राजीनामा मात्र प्रवेश पक्का झाल्यावरच. आणि एखाद्या दुपारी त्या सरकारी दवाखान्यात जा, बाबांची कूस बदलायला शिकवणाऱ्या सिस्टर ड्युटीवर असतील तेव्हा. त्यांना सांग की पाठ शेवटपर्यंत चांगली राहिली. नर्सना हे कुणी परत येऊन सांगत नाही. मग त्यांना विचार, त्या कुठे शिकल्या आणि त्यांची लेबर रूम कशी होती.